जनावर कोणाचे, गवत कोणाचे

मार्च २०१५ मध्ये मालेगावच्या पोलिसांनी पशुपालकांना एक सूचना केली. आपापल्या गायी, बैल आणि वासरांचे फोटो काढून ते मालकाच्या नावानिशी, जनावराच्या रंगाच्या आणि ओळखीच्या खुणांच्या नोंदीसह पोलिसांकडे द्यावेत. बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी घालणारी महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याची दुरुस्ती त्याच महिन्यात लागू झाली होती, आणि तिच्याखालच्या अगदी सुरुवातीच्या गुन्ह्यांपैकी एक मालेगावात नोंदला गेला होता. गुरांच्या फोटोंची बातमी परदेशी वृत्तसंस्थांनीही दिली, आणि दूरवरच्या वाचकांना तिचे नवल वाटले. पण त्या सूचनेमागचा प्रश्न जुना आणि खरा होता. रस्त्यावर, माळावर किंवा बाजारात उभे असलेले जनावर कोणाचे, हे सांगता येत नसेल तर कोणताही कायदा त्याच्यापाशी येऊन अडतो.

हे प्रकरण अशा जनावरांविषयी आहे आणि ती ज्या जमिनीवर चरतात त्या गायरानांविषयी, माळरानांविषयी आहे. दोन्हींचा विचार एकत्र करायला हवा, असे माझे ठाम मत आहे. गवताचा हिशेब बाजूला ठेवून मोकाट गुरांचा बंदोबस्त करायला निघालेली गावे आणि शहरे वर्षानुवर्षे एकच जनावर पुन्हा पुन्हा पकडत बसतात.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशभरात ५० लाख २१ हजार मोकाट गुरे मोजली गेली. राजस्थानात १२ लाख ७२ हजार, उत्तर प्रदेशात ११ लाख ८४ हजार. २०१२ च्या गणनेत देशाचा आकडा ५३ लाखांच्या जवळ होता, म्हणजे एकूण संख्या थोडी घटली. महाराष्ट्रातली सगळीच गुरे या सात वर्षांत सुमारे १० टक्क्यांनी कमी होऊन १ कोटी ३९ लाखांवर आली. गुरे कमी होत असताना मोकाट गुरांचा त्रास मात्र शेतकऱ्याला पूर्वीपेक्षा जास्त जाणवतो. या विसंगतीचे उत्तर गुरांच्या संख्येत मिळत नाही. ते शिवारात शोधावे लागते, आणि त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

आधी मोकाट म्हणजे कोण, ते पाहू. मालेगावच्या बसस्थानकाजवळ किंवा भाजीबाजारात फिरणाऱ्या गायींपैकी बऱ्याच गायींना मालक असतो. सकाळी धार काढून तो तिला सोडून देतो, दिवसभर ती शहराच्या उकिरड्यावर पोट भरते आणि संध्याकाळी घरी परतते. तिच्या चाऱ्याचा खर्च शहर भरते, दूध मालकाला मिळते. दुसरे जनावर खरोखर सोडून दिलेले असते: भाकड गाय, म्हातारा बैल, आणि अलीकडे सर्वांत जास्त म्हणजे संकरित गायीचा गोऱ्हा. तिसरा देवाच्या नावाने सोडलेला पोळ किंवा वळू. त्याच्यावर एका माणसाची मालकी नसते, पण त्याला गावाचा मान असतो. आणि चौथे जनावर माळावरच जन्मलेले. त्याच्या आईच्या गळ्यात कधी काळी दावे होते, याच्या गळ्यात कधीच नव्हते. माणूस जवळ आला की ते पळते किंवा अंगावर येते. जंगली झालेले पाळीव जनावर ते हेच. आपल्याकडे त्यांची संख्या थोडी आहे, कारण कुत्री, लांडगे, बिबटे, रोग आणि उपासमार यांतून फारशी वासरे वाचत नाहीत. पण सोडून दिलेल्या गायींच्या कळपात एक न खच्ची केलेला सांड असला की पुढच्या पिढीची सोय झालीच.

उमेश कुलकर्णी यांचा ‘वळू’ हा चित्रपट २००८ मध्ये आला तेव्हा महाराष्ट्राला ही चौथ्या आणि तिसऱ्या प्रकारातली सरमिसळ चांगलीच ओळखीची वाटली. गावातला माजलेला वळू पकडायला त्यात वन अधिकाऱ्याला बोलावले जाते. वाघ-बिबटे पकडणाऱ्या खात्याकडे बैल सोपवण्यात जी अडचण आहे ती प्रत्यक्षातही तशीच आहे. वळू वन्यप्राणी नाही, म्हणून वन्यजीव कायद्यात तो बसत नाही. त्याने खाल्लेल्या पिकाची भरपाई रानडुक्कर किंवा हरणासारखी वन विभागाकडून मिळत नाही. पशुसंवर्धन खाते उपचार करते, पकडत नाही. पोलीस वाहतुकीपुरते पाहतात. उरते ग्रामपंचायत किंवा महापालिका, आणि त्यांच्या हातात असलेले साधन म्हणजे कोंडवाडा.

कोंडवाड्यामागचा कायदा १८७१ चा आहे: कॅटल ट्रेसपास ॲक्ट. तो वाचण्यासारखा आहे, कारण तो करणाऱ्यांना जनावराच्या अर्थकारणाची पक्की जाण होती. पिकात शिरलेले जनावर शेतकऱ्याने स्वतः धरावे आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोहोचवावे. सार्वजनिक रस्ते, कालवे, बांध यांची नासधूस करणाऱ्या जनावरांनाही हाच नियम. मूळ दंड ठरलेला होता: हत्तीला दोन रुपये, उंट किंवा म्हशीला आठ आणे, घोडा, बैल, गाय यांना चार आणे, वासरू, गाढव, डुकराला दोन आणे, शेळी-मेंढीला एक आणा. त्यावर चाऱ्या-पाण्याचा खर्च वेगळा. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलिसांना कळवायचे, दवंडी द्यायची, आणखी सात दिवस वाट पाहायची आणि मग जनावराचा जाहीर लिलाव करायचा. लिलावाच्या पैशातून दंड आणि खर्च वजा करायचा. वनक्षेत्रात हाच कायदा १९२७ च्या भारतीय वन कायद्याने लागू केला आणि तिथला दंड वाढवण्याची मुभा सरकारला दिली.

या रचनेचा कणा लिलाव होता. जनावराला किंमत आहे, म्हणून मालक दंड भरून ते सोडवून नेईल, आणि तो आला नाही तर दुसरा कोणी विकत घेईल, या गृहीतावर सगळे चालले होते. ते गृहीत दोन कारणांनी ढासळले.

पहिले कारण ट्रॅक्टर. कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा भागात, एके काळी बैलजोडीवर घराची पत ठरत असे. नांगरट, पेरणी, कोळपणी, मोट, गाडी, उसाची वाहतूक, सगळे बैलावर. आज नांगरट ट्रॅक्टर करतो, आणि बैल उरले आहेत ते कोळपणीसारख्या कामांना, तेही थोड्या घरांत. दूध वाढावे म्हणून होल्स्टीन आणि जर्सी रक्ताच्या गायी आल्या. त्यांचा गोऱ्हा उन्हात नांगर ओढायला टिकत नाही, त्याला खांदाही धड नसतो. तो जन्मला त्या दिवसापासून शेतकऱ्याच्या हिशेबात तोटा असतो. बैलाचे काम संपले की त्याचा मालकही हळूहळू संपतो. याची उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. बैलगाडा शर्यतींवरची बंदी उठली, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरवला, आणि खिल्लारी खोंडाला पुन्हा गिऱ्हाईक मिळाले. शर्यतीचा खोंड मोकाट फिरताना कोणी पाहिला आहे का?

दुसरे कारण २०१५ ची दुरुस्ती. गायीच्या कत्तलीवर महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच, आता बैल आणि वळूही तिच्यात आले. या कायद्याच्या बाजूने आणि विरोधात खूप बोलले गेले आहे. मला इथे एवढेच नोंदवायचे आहे की म्हाताऱ्या बैलाला बाजारात जी शेवटची किंमत मिळायची आणि जिच्या बळावर शेतकरी नवे खोंड घ्यायचा, ती किंमत गेली, आणि तिच्या जागी बैलाच्या उरलेल्या आयुष्याचा खर्च आला. तो खर्च कोणी करायचा याची तरतूद कायद्यासोबत झाली नाही. नंतर तुकड्यातुकड्याने काही झाले. गोशाळांसाठी अनुदानाच्या योजना आल्या, २०२३ मध्ये गोसेवा आयोगाचा कायदा झाला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गायीला राज्यमाता-गोमाता जाहीर केले आणि गोशाळांतल्या देशी गायींसाठी रोज ५० रुपये देण्याचा निर्णय झाला. वर्षाचे ते १८ हजार २५० रुपये होतात. एक जनावर दहा वर्षे जगले तर १ लाख ८२ हजार ५०० रुपये. गोशाळा चालवणारा कोणीही सांगेल की चारा, पाणी, औषध आणि माणसाची मजुरी यांत ५० रुपये पुरे पडत नाहीत. आणि ही मदत देशी गायीसाठी आहे. रस्त्यावर सर्वाधिक दिसणारा संकरित गोऱ्हा तिच्या बाहेरच राहतो.

म्हणून कोंडवाडे ओस पडले. काही गावांत त्यांच्या भिंती उरल्या आहेत, काही ठिकाणी त्या जागी सभामंडप किंवा गाळे उभे राहिले. पकडलेले जनावर ठेवायला जागा नाही, सोडवायला मालक येत नाही, लिलावाला बोली लागत नाही. मग एका गावाने पकडलेली गुरे रात्री टेम्पोत घालून दुसऱ्या गावाच्या शिवेत सोडली जातात. दुसरे गाव ती तिसऱ्याच्या शिवेत सोडते.

आता गवताकडे येऊ.

मालेगाव तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. मोसम आणि गिरणेच्या काठची जमीन काळी, ओलिताची. झोडगे, गाळणा किल्ल्याच्या बाजूचे डोंगर आणि मधली बरडे ही मुरमाड, हातभर मातीची. या बरडांवर मारवेल, पवन्या आणि कुसळी ही गवते नैसर्गिकपणे येतात. मारवेल आणि पवन्या गुरांना आवडतात, म्हणून सतत चराई झाली की ती आधी संपतात. कुसळी कोवळी असताना खाल्ली जाते, पण तिला काटेरी टोकाचे बी धरले की जनावर तोंड लावत नाही, कारण ते कुसळ हिरड्यांत आणि कातडीत रुतते. चराई अशीच चालू राहिली की कुसळीही विरळ होते आणि तरवड, रुई, घाणेरी, गाजरगवत, वेडी बाभूळ यांचे राज्य सुरू होते. लांबून माळ हिरवा दिसतो, पण त्यावर गायीच्या पोटात जाईल असे काही नसते.

एका गायीला किती माळ लागतो, याचा हिशेब करून पाहू. तीनशे किलो वजनाची गावरान गाय रोज तिच्या वजनाच्या दोन ते अडीच टक्के सुका चारा खाते, म्हणजे सहा ते साडेसात किलो. वर्षाचे झाले सुमारे अडीच टन. या पावसात निगा न राखलेल्या माळावर हेक्टरी एक टनाच्या आसपास सुके गवत मिळते, निगा राखली तर दोन टन किंवा थोडे अधिक. त्यातले निम्मे जमिनीवर ठेवावे लागते, नाहीतर पुढच्या वर्षी मुळे फुटत नाहीत आणि मातीही वाहून जाते. म्हणजे एका गायीला वर्षभर नुसत्या माळावर जगवायचे तर अडीच ते पाच हेक्टर माळ हवा. गावाचे गायरान ४० हेक्टर असेल तर त्यावर वर्षभर आठ ते सोळा गुरे जगतील. गावात गुरे असतात शेकड्यांनी.

मग पूर्वी कसे भागायचे? पूर्वीही गायरान एकटे गुरे पोसत नव्हते. गायरान पावसाळ्यासाठी होते, शेतात पीक उभे असताना गुरांना बाहेर ठेवण्याची ती जागा होती. गावाचा गुराखी सकाळी सगळ्यांची गुरे एकत्र करून माळावर न्यायचा, त्याला घरटी धान्य मिळायचे. बाजरी-ज्वारी निघाली की शिवार मोकळे व्हायचे. सुगीपासून पुढच्या पेरणीपर्यंत कोणाच्याही शेतातली धसकटे कोणाच्याही गुरांनी खावीत, शेण तिथेच पडावे, असा अलिखित व्यवहार होता. उन्हाळ्यात कडबा. तो शिवार मोकळा होण्याचा काळ आता उरला नाही. चणकापूर आणि हरणबारी धरणांचे पाणी, विहिरी, ठिबक यांमुळे खरिपात मका निघाला की लगेच कांदा लागतो, उन्हाळ कांदा एप्रिलपर्यंत शेतात असतो, डाळिंबाच्या बागा तर बारमाही. बाजरीचा कडबा कमी झाला, मक्याचा चारा वाढला खरा, पण तो ज्याचा त्याने कुट्टी करून ठेवलेला असतो. मोकाट जनावराला वर्षातला एकही महिना असा नाही, जेव्हा ते कोणाच्या तरी उभ्या पिकात न शिरता पोट भरू शकेल. गुरे घटूनही त्रास का वाढला, याचे माझ्या मते हेच मुख्य कारण आहे.

त्यात गायरान आक्रसले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ खाली जिल्हाधिकारी गुरचरणासाठी जमीन राखून ठेवतात. अशी जमीन दुसऱ्या कामाला देण्यावर नंतर कलम २२-अ ने आणखी बंधने आली. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले, आणि महाराष्ट्र सरकारने १२ जुलै २०११ रोजी त्यानुसार निर्णय काढला. २०२२ मध्ये हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला तेव्हा राज्यभर गायरानांवर दोन लाखांहून अधिक अतिक्रमणे असल्याचे समोर आले. ती काढण्याच्या नोटिसा निघाल्या आणि गावोगावी घबराट पसरली, कारण यांतली कित्येक घरे भूमिहीनांची आहेत आणि त्यांना दुसरी जागा नाही. गरिबाचे घर पाडून गायीला गवत मिळणार नाही, हे मला स्पष्ट सांगायचे आहे. घरांखाली गेलेली जमीन गेली. पण ज्या गायरानावर धनदांडग्यांनी कांदा किंवा डाळिंब लावले आहे, जिथून मुरूम उपसला जातो, किंवा जिथे सौर प्रकल्पासाठी जागा देताना ग्रामसभेने चाऱ्याचा शब्दही काढला नाही, तिथे विचारायला हवे. शेतीला दिवसा वीज मिळावी ही गरज खरी आहे. तिच्यासाठी माळ देताना उरलेल्या माळाची निगा कोण राखणार, हा प्रश्न त्याच ठरावात यायला हवा.

दुष्काळात हे सारे एकदम उघडे पडते. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सरकारने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यांत मालेगाव होते. चारा महागला की शेतकरी आधी भाकड जनावर विकायला काढतो. विकले गेले नाही तर दावणीला बांधून उपाशी मारण्यापेक्षा तो रात्री दावे सोडतो. त्याला निर्दय म्हणणे सोपे आहे. ज्याने ते जनावर वासरापासून वाढवले, त्याच्यावर ही वेळ येते तेव्हा तो काय सोसतो, हे गावात राहणाऱ्याला माहीत असते.

रोगाच्या वेळी आणखी वेगळी अडचण. ऑगस्ट २०२२ मध्ये लंपी चर्मरोग जळगाव जिल्ह्यातून महाराष्ट्रात पसरू लागला. गुरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली, सरकारने मोफत लसीकरण केले. मेलेल्या जनावरामागे भरपाई ठरली: दुभत्या गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये. भरपाई मिळायची तर मालक हवा. मोकाट गायीच्या अंगावर गाठी आल्या तर कळवणार कोण, तिला धरून लस टोचणार कोण? माश्या-डासांतून पसरणाऱ्या या रोगाला मात्र मालकाची गरज नव्हती.

कांद्याच्या मुलुखात एक खास धोका आहे, तो कमी लोकांना ठाऊक असतो. चाळीतला सडका कांदा उकिरड्यावर किंवा बांधावर टाकला जातो आणि भुकेली गुरे त्यावर तुटून पडतात. थोड्या कांद्याने काही होत नाही, पण भरपूर खाल्ला तर त्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांनी गायीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी लालसर-काळी होते, जनावर धापा टाकते आणि मरूही शकते. गाय या बाबतीत शेळी-मेंढीपेक्षा जास्त हळवी आहे. सडका कांदा खड्ड्यात पुरणे किंवा त्याचे खत करणे हा यावरचा साधा उपाय.

मोकाट जनावरांचा प्रश्न जगात इतरत्रही आहे आणि त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या सरकारी माळरानांवर घोडे आणि गाढवे मोकळी फिरतात. १९७१ मध्ये तिथल्या काँग्रेसने कायदा करून त्यांना संरक्षण दिले. संरक्षण मिळाले, चारा-पाणी होते, शिकारी प्राणी कमी होते, आणि हे कळप वर्षाला १५ ते २० टक्क्यांनी वाढतात, म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट. माळाला झेपेल अशी संख्या सरकारी खात्याने २५-२७ हजार ठरवली आहे. २०२० मध्ये प्रत्यक्ष संख्या ९५ हजारांवर गेली होती. मारायचे नाही असे तिथल्या संसदेने ठरवले, म्हणून पकडलेली साठ हजारांहून अधिक जनावरे सरकार स्वतःच्या खर्चाने पोसते, आणि खात्याच्या अंदाजपत्रकाचा मोठा वाटा त्यातच जातो. माद्यांना गर्भनिरोधक लस टोचण्याचे काम चालते, पण ती दरवर्षी पुन्हा टोचावी लागते आणि पसरलेल्या कळपात तीच घोडी पुन्हा सापडणे कठीण. श्रीमंत देशालाही हे जड जाते.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे, कारण तिथले उंट आपल्याच उपखंडातून गेले. एकोणिसाव्या शतकात कराची आणि राजस्थानच्या बाजूने उंट आणि ते हाकणारी माणसे जहाजांनी तिकडे नेली. वाळवंटातली वाहतूक, तारायंत्राचे खांब, रेल्वेचे रूळ, सगळे त्यांच्या पाठीवर गेले. १९२० च्या दशकात मोटारी आल्या आणि उंटाचे काम संपले. सरकारने ते मारावेत म्हणून कायदा केला. अनेक उंटवाल्यांचे हात धजले नाहीत, त्यांनी ते वाळवंटात सोडून दिले. सत्तर-ऐंशी वर्षांत त्यांचे लाखो झाले, पाणवठे तुडवले जाऊ लागले, आणि २००९ ते २०१३ या काळात एका सरकारी प्रकल्पाने सुमारे १ लाख ६० हजार उंट कमी केले, बरेचसे हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून. आपल्याकडे तो मार्ग कायद्यात बसणारा नाही आणि मनाला पटणाराही नाही. पण सोडून देण्याच्या त्या क्षणाकडे मात्र आपण लक्ष द्यायला हवे, कारण मालेगावच्या शिवारात तो क्षण रोज येतो आहे. जनावर सुटल्यावर त्याच्यामागे धावण्यापेक्षा ते सुटण्याआधी थांबवणे कितीतरी स्वस्त पडते.

थांबवायचे कसे, याची साधने आता आपल्याकडे आहेत. दुधासाठी गाय पाळायची तर लिंगवर्गीकृत वीर्यमात्रा वापरली असता दहापैकी साधारण नऊ वेळा कालवड होते. नकोसा गोऱ्हा जन्मालाच येत नाही. माझ्या मते मोकाट गुरांवर सर्वांत परिणामकारक उपाय हाच आहे, आणि त्यावर सरकारने केलेला खर्च गोशाळेवरच्या खर्चापेक्षा आधी करण्यासारखा आहे. गावात फिरणाऱ्या सांडांचे खच्चीकरण पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत करता येते. ओळखीचा प्रश्नही बराच सुटला आहे. जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारला जातो, आणि १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. २०१५ मध्ये मालेगावच्या पोलिसांनी फोटोंतून जे साधू पाहिले, ते आता या क्रमांकात आहे. अट एवढीच, की जनावर विकले तेव्हा नोंदीतले मालकाचे नावही बदलले पाहिजे आणि कान फाडून बिल्ला काढणाऱ्याला जाब विचारला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी महामार्गांवरची मोकाट गुरे हटवून निवाऱ्यात ठेवण्याचे आदेश दिले. मुंबई-आग्रा महामार्ग मालेगावातून जातो, तेव्हा हा आदेश इथल्या यंत्रणेच्याही दारात आला आहे. निवारे भरतील, पण बिल्ल्याची नोंद आणि चाऱ्याची सोय नसेल तर ते जुन्या कोंडवाड्यांसारखेच ओस पडतील.

आणि माळ? माळ सुधारतो, हे महाराष्ट्राने करून दाखवले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने मोकाट चराई आणि झाडतोड गावाच्या संमतीने बंद केली. गवत कापून न्यायचे, जनावर सोडायचे नाही, असा नियम केला. मालेगावच्या आणखी जवळचे उदाहरण शेजारच्या धुळे जिल्ह्यातले आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाडा या आदिवासी पाड्याने चैत्राम पवारांसोबत शेकडो हेक्टर जंगल राखले. जंगलात गुरे सोडायची नाहीत, लाकूड तोडायचे नाही, आणि नियम मोडणाऱ्याला गावच दंड करील. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. दोन्ही ठिकाणी कोणी बाहेरचा अधिकारी येऊन गुरे हाकलत नव्हता. गवताचा वाटा आपल्यालाच मिळणार याची खात्री होती, म्हणून लोकांनी दावे बांधून ठेवले.

माळाच्या निगेत तांत्रिक गुंतागुंत नाही. माळाचे तीन-चार तुकडे करायचे. पावसाळ्यात पाळीपाळीने एका तुकड्यात चराई, बाकीचे बंद. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन वर्षांतून एकदा ऑगस्ट ते ऑक्टोबर पूर्ण विश्रांती, म्हणजे मारवेलीला बी धरता येते. कुसळी बी धरण्याआधी कापून वाळवायची. उतारावर समतल चर, मोकळ्या जागी मारवेलीची ठोंबे आणि स्टायलो या द्विदल चाऱ्याचे बी. वेडी बाभूळ मुळासकट काढायची, नुसती छाटली तर ती दाट होऊन पुन्हा येते. पहिली दोन वर्षे गावाला जड जातात, कारण त्या काळात शेळ्यांवर जगणाऱ्या घराला दुसरा चारा द्यावा लागतो. तो न देता चराईबंदी केली तर ती टिकत नाही, आणि टिकूही नये.

याच पट्ट्यातून धुळे-साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ आपले वाडे घेऊन जातात. मोकाट गुरांच्या रागात पुष्कळदा त्यांनाही हुसकावले जाते. हा अन्याय आहे. त्यांच्या मेंढ्यांमागे माणूस असतो, कुत्रा असतो, आज इथे तर उद्या पुढच्या गावात असा मुक्काम असतो, आणि शेतकरी स्वतःहून शेतात मेंढ्या बसवतो ते लेंडीखतासाठी. वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईला हक्क म्हणून मान्यता दिली आहे. राखण असलेला कळप आणि सुटलेले जनावर यांत फरक करता आला नाही, तर व्यवस्थापन या शब्दाला काही अर्थ राहत नाही.

मोकळ्या माळाचे आणखीही काही मालक आहेत. येवला तालुक्यात ममदापूर-राजापूर परिसरात काळवीट आहेत, त्यांच्यासाठी तिथे संवर्धन राखीव क्षेत्र केले आहे. लांडगा, खोकड, माळटिटवी यांना हाच उघडा माळ लागतो. गवत संपवलेल्या माळावर काळविटाला काही उरत नाही आणि मग तेही कांद्यात शिरते.

वाचकाला माझी एक विनंती आहे. तुमच्या गावाची पुढची ग्रामसभा भरेल तेव्हा गायरानाचा सातबारा मागा. गट क्रमांक, क्षेत्र, त्यावर आज काय उभे आहे, किती माळ चरायला शिल्लक आहे, हे सभेत वाचून घ्या. त्यासोबत गावातल्या गुरांची बिल्ल्यांनिशी यादी मागा. हे दोन कागद समोर ठेवून किती गुरांना किती चारा लागतो आणि तो कुठून येणार, याचा हिशेब गावाने एकदा मांडावा, आणि चराईचा ठराव त्यानंतर करावा.